डाव्या डोळ्याचं भिंग

मे १९७३. बुद्धपौर्णिमेच्या आधीचा रविवार, सकाळ. ठिकाण : आमच्या वस्तीतल्या समाजमंदिराची ओसरी.

हजर : आबा, म्हणजे माझे वडील, रेल्वेच्या दौंड यार्डातून निवृत्त झालेले पॉइंट्समन, गाड्यांचे रूळ बदलणारे. आत्या, त्यांची थोरली बहीण, आमच्याच घरात राहणारी. प्राथमिक शाळेचे गुरुजी, वस्तीतलेच, इतिवृत्त लिहायला. आप्पा, गावातले बागायतदार, पंचायतीचे सदस्य आणि नदीपात्रातल्या गुरांच्या छावणीचे व्यवस्थापक. त्यांना खुर्ची दिली होती. वस्तीतले बाकीचे कर्ते पुरुष आणि खांबापलीकडे बायका. आणि मी, बी.एस्सी. होऊन पुण्याच्या एका प्रयोगशाळेत तांत्रिक सहायक म्हणून लागलेली. गैरहजर : आई. ती आदल्या वर्षी गेली.

अशी हजेरी आधी लिहायची सवय आबांनीच लावली. यार्डात पाळी बदलताना कोण आलं, कोण नाही हे आधी; बाकीचं मागून.

त्या दिवशी विषय दोन होते. पहिला आप्पांचा. आमचं गाव शिरूर आणि दौंडच्या मधलं, मांडवगण फराट्याच्या पुढं आत गेलेलं. पाऊस हुकला होता, नदी वाळूची झाली होती, आणि त्या वाळूतच सरकारी चाऱ्यावर छावणी उभी होती. रोज जनावरं मरत होती. मेलेलं ढोर ओढून नेणं हे पूर्वी आमच्या वस्तीचं काम मानलं जाई. छप्पन साली धम्म घेतला तेव्हा वस्तीनं ते सोडलं. ओसरीवर उभं राहून पहिला नकार देणारे आबा होते. त्यानंतर एकानंही त्या दोराला हात लावला नव्हता.

"आबा, वास सुटलाय," आप्पा म्हणाले. "लेकरं आजारी पडतील, तुमची बी आन् आमची बी. चार गडी द्या. मी खडीच्या कामावर तुमची नावं वर घालायला सांगतो."

"वर नको, नियमानं घाला," आबा म्हणाले. "आन् जनावर ज्याचं, त्यानं वढावं. दोर लागला तर आमच्याकडनं न्या."

ओसरीवर हसू पसरलं. आप्पांनाही हसावं लागलं.

"आप्पा," खांबापलीकडून आत्या म्हणाली, "ढोर जितं होतं तवा दूध कुणी प्यालं?"

"आम्हीच की, आक्का."

"मग मेल्यावर वळख इसरू नका त्याची."

पहिला विषय तिथंच संपला. आप्पा मात्र उठले नाहीत, कारण दुसऱ्या विषयाची कुणकुण त्यांच्या कानावर आली होती. दुसरा विषय माझा होता.

मी उभी राहून सरळ सांगितलं. आमच्या प्रयोगशाळेला डोळ्यातली भिंगं हवी होती. पुण्यात मिळत ती म्हाताऱ्या जनावरांची, टणक झालेली. आम्हाला हवी होती वासरांची, ताजी. छावणीत रोज वासरं मरत होती. आमच्या सरांना ठाऊक होतं की मी त्या बाजूची. ते म्हणाले होते, गावाकडून काही व्यवस्था होते का पाहा. कुणी ढोर ओढायचं नाही, कातडं काढायचं नाही. मी स्वतः जाईन, दोन डोळे काढीन, बर्फाच्या थर्मासात घालून पुण्याला नेईन.

मग आत्या म्हणाली, "म्हंजी बी.एस्सी. केलीस ती ढोराचं डोळं उकराया व्हय गं?"

"आत्या, ते काम वेगळं आहे."

"काम येगळं आसंल. ढोर तेच हाय."

आबांनी हात वर केला. यार्डात गाडी थांबवायला करत असतील तसाच. "आधी समजू तर द्या. पोरी, त्या भिंगात काय हाय ते सांग. सगळ्यांना कळंल असं."

मग मी सांगितलं. डोळ्यात मसुरासारखं फुगीर एक भिंग असतं, मसुरापेक्षा बरंच मोठं. ते प्रथिनाचं असतं, अंड्यातल्या पांढऱ्यासारखं, पण त्याहून कितीतरी दाट. अंडं तापलं की पांढरं होतं. हे भिंग जन्मभर काचेसारखं राहतं. का राहतं आणि पुढं मोतीबिंदूत का राहत नाही, हे कुणाला नीट माहीत नाही. त्यासाठी त्या प्रथिनाची आतली रचना बघायला हवी, एकेक अणू कुठं बसलाय ते. एवढं बारीक कुठल्याच सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. म्हणून त्या प्रथिनाचे खडे बनवायचे.

"खडीसाखरंसारखं?" गुरुजींनी विचारलं.

"अगदी तसेच. पाकात दोरा सोडून ठेवला की हळूहळू खडा धरतो, तसा. खड्यात सगळे कण रांगेत बसतात. त्यावर क्ष-किरण सोडायचे, मागं फिल्म धरायची. रांग नीट असली की फिल्मवर ठिपके उमटतात. कुठला ठिपका किती काळा, हे मोजून गणितानं आतली रचना काढायची."

"आन् रांग नसली तर?" आबांनी विचारलं.

"मग ठिपके येत नाहीत. नुसता धूर दिसतो."

"म्हाताऱ्या जनावराचं का चालत न्हाई?"

"वय झालं की भिंग कडक होतं, पिवळं पडतं, शेवटी धुकट होतं. त्याचे खडे धरत नाहीत. जेवढं स्वच्छ तेवढं बरं."

आबांनी मान हलवली. त्यांच्या उजव्या डोळ्यात तेव्हा पांढरा ठिपका स्पष्ट दिसायला लागला होता. डाव्या डोळ्यानं मात्र ते लांबून येणाऱ्या एस.टी.ची पाटी वाचत.

"माणसाचं चालतं का?"

"चालेल की. पण देणार कोण?"

सगळे हसले. मीसुद्धा.

आता आप्पा खुर्चीत पुढं सरकले. "आबा, मला एक सांगा. तुमची पोरगी छावणीत येऊन मेल्या वासराला हात लावणार. मग गड्यांनी वढायला काय हरकत? डोळं काढायला हात चालतो, वढायला चालत न्हाई, असं कसं?"

आप्पांनी प्रश्न दुष्टपणानं विचारला नव्हता. त्यांना खरंच चार गडी हवे होते आणि दार किलकिलं झालेलं त्यांना दिसलं होतं. आबांनाही ते दिसलं होतं.

"न्हाई चालत," आबा म्हणाले. "पोटासाठी न्हाई आन् सायन्ससाठी बी न्हाई. हिथनं कोणबी मेल्या जनावराला हात लावणार न्हाई. माझी पोरगी धरून. गुरुजी, लिवा."

गुरुजींनी लिहिलं. आप्पा उठले, नमस्कार करून गेले. पुढं छावणीवाल्यांनी सरकारी ट्रॅक्टर मागवून खड्डा खणून घेतला. आमच्या माणसांची नावं खडीच्या कामावर उशिरा लागली. तोवर रेशनच्या लाल मिलो ज्वारीवर आणि मदतीच्या सुकडीवर भागवावं लागलं.

मी निर्णय मानला. वाद घातला नाही. घरी जेवताना आत्यानं विचारलं, "कापलेलं चालतं का? दौंडात खाटीक हाय की."

"चालतंय," आबा म्हणाले. "ती खरेदी झाली. इकत कोणबी घेतं. वढाया फकस्त आमीच होतो."

म्हणून परतताना मी दौंडवरून गेले. स्टेशनाजवळ बर्फ घेतला, मागच्या आळीतल्या खाटकाला गाठलं. त्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"भेजा मागतात, खूर मागतात," तो म्हणाला. "डोळे मागणारी तुम्हीच पहिली, बाई. कुणावर करणी करायची आहे का?"

"शिकायचं आहे, चाचा. वासराचे मिळतील?"

"वासरू कुठलं? दुष्काळात लोक म्हातारी म्हैसच आणतात. तीपण हाडं घेऊन येते."

त्यानं म्हशीचे डोळे दिले. भिंगं काढली तर आतला गाभा गोटीसारखा टणक. तरी घेतले, कारण रिकामा थर्मास घेऊन परत जायचं नव्हतं. दौंड-पुणे पॅसेंजरमध्ये थर्मास मांडीवर धरून बसले. शेजारच्या बाईनं विचारलं, कुल्फी का? मी हो म्हटलं.

प्रयोगशाळेतलं काम कसं चाले ते थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. भिंगाचा बाहेरचा मऊ भाग थंड द्रावणात विरघळवायचा. ते द्रावण काचेच्या उंच नळीतून, बारीक मण्यांच्या थरातून खाली सोडायचं. मोठी प्रथिनं आधी बाहेर पडतात, लहान मागून. शेवटी येणारं जे लहान प्रथिन, त्याचेच खडे धरण्याची आशा. ते थेंब वेगळे करून, क्षार घालून, कुप्या थंड खोलीत न हलवता ठेवायच्या. मग वाट पाहायची. खोली थंड राहायला वीज लागते आणि विजेची कपात चालू होती. क्ष-किरणाच्या नळीला गार ठेवायला सतत वाहतं पाणी लागतं, आणि नळाला पाणी नव्हतं. आम्ही पिंपात पाणी भरून तेच पंपानं फिरवत होतो. हे आबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तुमचं यंत्र बी दुष्काळी कामावर लागलंय की."

त्या वर्षात आमच्या हाती आले ते केसाएवढे बारीक खडे. किरणापुढं धरावा असा एकही नाही. सर रागावत नसत. रोज सकाळी कुप्या उजेडापुढं धरून बघत आणि परत ठेवत. माझी नेमणूक तात्पुरती होती आणि योजनेचा अहवाल जायचा होता. हे मी घरी एकदाच बोलले होते. आबांसमोर.

त्या पावसाळ्यात पाऊस झाला. नदीला पाणी आलं, छावणी उठली. आबांचा उजवा डोळा मात्र पुरता पांढरा झाला. जानेवारीत शिरूरला एका शाळेत नेत्रशिबिर भरणार होतं. त्यांनी स्वतःच नाव नोंदवलं. मला निरोप आला : थर्मास घेऊन ये.

शिरूरला पोचले तर आबा शाळेच्या व्हरांड्यात आत्याबरोबर बसलेले. धोतर स्वच्छ, दाढी केलेली.

"निघालेलं भिंग घेऊन जा," ते म्हणाले. "डॉक्टरला इचारलंय. फेकूनच देत्यात म्हणं. मी नर्सबाईंना सांगून ठेवलंय, कुपीत घालून देतील."

"आबा, तो डोळा पिकलाय. त्याचे खडे होणार नाहीत."

"मग काय उपेग?"

"उपयोग आहे. बिघडलेलं कसं असतं ते बघायला. मी नेईन."

त्यांनी थर्मास हातात घेऊन झाकण घट्ट आहे का पाहिलं. मला वाटलं, पटलं.

तपासणीला ओळ मोठी होती. शिरूरचे, तळेगाव ढमढेऱ्याचे, कवठे येमाईचे, पार नगरच्या हद्दीपर्यंतचे म्हातारे. एक तरुण डॉक्टर बॅटरीनं डोळे बघत पुढं सरकत होते. ज्या डोळ्यावर शस्त्रक्रिया करायची, त्याच्या भुवईवर नर्सबाई चिकटपट्टीचा तुकडा लावत. म्हणजे आत गेल्यावर घोटाळा नको. आबांच्या उजव्या भुवईवर पट्टी लागली. मी ती स्वतः पाहिली.

"डावा अजून कच्चा आहे," डॉक्टर म्हणाले. "तो राहू द्या. पिकल्यावर बघू."

"उजवा हाय असाच ठिवला तर?" आबांनी विचारलं.

"काढायचाच आहे तो, आबा. पण समजा राहिला, तर पुढच्या वर्षीही निघेल. कुठं पळून जात नाही."

मी थर्मास घेऊन बाजारात बर्फ आणायला गेले. बर्फवाल्याकडं गर्दी होती, लग्नसराई होती. परत आले तेव्हा आबांची ओळ आत गेलेली होती. आत्या एकटी बसून सुपारी कातरत होती. तिनंही काही पाहिलं नव्हतं.

दुपारी त्यांना बाहेर आणलं. दोघं जण हाताला धरून आणत होते. बांधलेली पट्टी डाव्या डोळ्यावर होती.

मी आधी त्यांच्याकडं पाहिलं, मग डॉक्टरांकडं. हे दुसरे, वयस्क होते, शस्त्रक्रिया करणारे. ते हात पुसत बाहेर आले.

"तुम्ही यांच्या कोण?"

"मुलगी."

"यांचा हा डोळा अजून कच्चाच होता. उघडल्यावर कळलं. भुवईवरची चिकटपट्टी याच बाजूला होती. मी विचारलंसुद्धा, हाच ना? हाच म्हणाले."

आबांना व्हरांड्यात गवताच्या गादीवर उताणं झोपवलं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या. मान हलवायची नाही, असं सांगून गेले. आबांनी मान हलवली नाही. हात तेवढा सदऱ्याच्या खिशात घातला आणि कुपी बाहेर काढली.

"घे. बर्फात घाल लवकर."

"आबा, चिकटपट्टी तुम्ही बदललीत?"

"हळू बोल. बाकीचं घाबरत्याल." ते वर छताकडं तोंड करून बोलत होते. "हिशोब सरळ हाय. उजवा पुढच्या साली बी निघंल, डॉक्टरच म्हणाला की तुझ्यासमोर. डावा पुढच्या साली पिकला तर तुझ्या काय कामाचा? आता स्वच्छ हाय. म्हाताऱ्याचं हाय, पर स्वच्छ हाय."

"अहो, पण दिसत होतं त्यानं!"

"चष्मा देणार हायेत. जाड काचंचा. समद्यांना देत्यात."

आत्यानं सुपारी खाली ठेवली. "ह्याला काय म्हणावं? घरात डोळा एक, तोबी दान दिला."

"दान न्हाई," आबा म्हणाले. "ढोराला हात लावू दिला न्हाई मी तिला. मग दुसरं कायतरी द्याया नगं?"

मी कुपी उजेडापुढं धरली. आख्खं भिंग होतं, त्याच्या पातळ पिशवीसकट. फिकट मधाच्या रंगाचं. त्यातून पलीकडची खिडकी उलटी दिसत होती.

ते बर्फात ठेवून पुण्याला निघायचं की थांबायचं, हे ठरवायला मला वेळ लागला नाही. भिंग थांबणार नव्हतं. आत्या होती. मी संध्याकाळची एस.टी. धरली.

चौथ्या-पाचव्या दिवशी गुरुजी सायकलनं तारघरात जाऊन तार करून आले. मी पोचले तेव्हा पट्टी पिवळी झाली होती. डोळ्यात पू झाला होता. डॉक्टरांनी सुया दिल्या, धुतला, जे शक्य ते केलं. कशामुळं झालं, ते कुणालाच सांगता आलं नाही. डोळा गेला. आबांना चष्मा मिळाला नाही, कारण तो लावायला डोळा नव्हता. उजव्यानं उजेड-अंधार तेवढा कळायचा.

इकडं प्रयोगशाळेत काय झालं तेही नोंदवते. सरांना मी सगळं सांगितलं. त्यांनी वाकून टेबलावरची कुपी पाहिली. मग म्हणाले, "साठीच्या पुढचं भिंग आहे. यातून फार अपेक्षा नको. पण तुम्ही स्वतः करा. मी हात लावत नाही." मी बाहेरचा थर विरघळवला, नळीतून सोडला. शेवटी यायला हवं ते लहान प्रथिन आलं, पण इतकं थोडं की कुपीच्या तळाला जेमतेम ओल. क्षार घातले, ठेवलं. खडे धरले नाहीत. तपकिरी गाळ बसला.

उरला तो गाभा, टणक, मधाएवढाच पिवळा, हरभऱ्यापेक्षा लहान. तो ओला ठेवून, काचेच्या नळीत मेणानं बंद करून, मी सरळ किरणापुढं लावला. खडा नव्हता, रांग नव्हती, ठिपके येणार नाहीत हे मला माहीत होतं. तरी लावला. फिल्म भरून यायला बरेच तास लागले असते. मध्येच वीज गेली, पंप थांबला, आणि नळी जळू नये म्हणून यंत्र बंद करावं लागलं. अर्धवट फिल्म धुतली. मधोमध थेट किरण अडवणाऱ्या शिशाच्या तुकड्याचा पांढरा डाग आणि त्याभोवती एक फिकट, पुसट कडं. बाकी काही नाही.

फिल्म घेऊन मी गावी गेले. आबा समाजमंदिराच्या ओसरीवर उन्हात बसले होते. मी फिल्म त्यांच्या हातात दिली. त्यांनी तिच्यावरून बोट फिरवलं, कडेपासून मध्यापर्यंत. गुळगुळीतच लागणार होती.

"ठिपकं आलं?"

"नाही, आबा. मध्येच वीज गेली. कडं आलंय. गोल."

"गोल म्हंजी काय?"

मी खोटं सांगायचं नाही असं ठरवून आले होते. "म्हणजे कण आहेत, एकमेकांना धरून आहेत. पण रांगेत नाहीत."

त्यांनी विचार केला. "म्हंजी गर्दी हाय. रांग न्हाई."

"होय. पण गर्दी नीट आहे. तशी नीट असते म्हणूनच आरपार दिसतं."

"आन् हे तुला आधी ठाव हुतं?"

"थोडं ठाऊक होतं."

"मग वाया गेलं म्हणायचं."

त्यांनी फिल्म माझ्या हातात परत दिली, ती वाकू नये अशी दोन्ही कडांना धरून.

"वीज गेली न्हवं मधी?" ते म्हणाले. "मग फिल्म पुरी झाली न्हाई. पुरी घे एकदा. मग ठरवू वाया गेलं का न्हाई ते."

"घेते," मी म्हटलं.

पुढच्या जानेवारीत आम्ही त्यांना पुन्हा शिबिरात नेलं. एकच डोळा शिल्लक असलेल्या माणसाची शस्त्रक्रिया शिबिरात करायला कुणी तयार होईना. पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात तारीख मिळेपर्यंत उन्हाळा आला. तिथं तपासलं तर फुगलेल्या भिंगानं आतला दाब वाढून डोळ्याची नस मेली होती. उजेड-अंधारही गेला. आबा घरी येताना एस.टी.त एकच वाक्य बोलले, "डॉक्टर म्हणाला हुता, पळून जात न्हाई." मग खिडकीकडं तोंड करून बसून राहिले.

त्यानंतर ते काठी घेऊन ओसरीपर्यंत जायचे. कोण आलं ते पावलावरून ओळखायचे आणि हजेरी घ्यायचे. मी गेले की आधी विचारायचे, "फिल्म?" मी सांगायचे ते खरंच असायचं. क्ष-किरणाची नळी जळाली होती. नवी परदेशातून आणायची तर परवाना हवा. परवान्याचा अर्ज केलाय. अर्जाला प्रश्न आलेत. प्रश्नांची उत्तरं पाठवलीत. परवाना आला तोवर योजना बंद झाली होती. मला दुसऱ्या विभागात, मातीचे नमुने तपासायला पाठवलं. सर निवृत्त झाले. यंत्र झाकून ठेवलं गेलं.

आबा अठ्ठ्याहत्तर साली गेले. वस्तीतल्या माणसांनी खांदा दिला. आप्पा आले होते, शेवटपर्यंत उभे राहिले. परतताना माझ्याजवळ थांबले.

"ते डोळ्याचं काय झालं म्हणायचं पोरी?"

"चालू आहे," मी म्हटलं.

"वासरं न्यायची हुतीस. आमची तशी बी मेलीच." एवढं बोलून ते गेले.

काही वर्षांनी एका परदेशी नियतकालिकात ते चित्र आलं. तिकडच्या लोकांनी वासरांच्या भिंगातून तेच लहान प्रथिन काढून, त्याचे खडे करून, त्याची रचना काढली होती. मी ते मातीच्या विभागात, जेवणाच्या सुट्टीत पाहिलं. एकाच लांब धाग्याच्या चार सारख्या घड्या, दोन-दोनच्या जोडीत, मध्ये थोडी सांधणारी दोरी. इतकं घट्ट, नेटकं घडी घातलेलं काही मी पाहिलं नव्हतं. ओसरीवर चौघडी घालून ठेवलेल्या सतरंज्यांची आठवण आली. आबांना हे सांगायला सोपं गेलं असतं.

आत्या आता फार थकली आहे. मी गेले की तिचा प्रश्न वेगळा असतो.

"ते आणलंस का?"

"नाही."

"आण बाई. त्याच्या अंगाचं हाय. समाजमंदिरामागं पिंपळ लावलाय, त्याच्या बुडाशी घालू. डबीत किती दिस ठिवणार?"

"एक फिल्म राहिलीय, आत्या."

"तो गेला. कुणाला दावणार?"

तिचं म्हणणं बरोबर आहे. पूर्ण फिल्म घेतली तरी तेच कडं येईल, फक्त जरा ठळक. शास्त्राच्या दृष्टीनं त्यातून नवं काही निघणार नाही. हे मला त्या दिवशी ओसरीवरही माहीत होतं.

गाभा घातलेली काचेची नळी, मेणानं बंद केलेली, कापसात गुंडाळून माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात आहे. ओलावा टिकावा म्हणून मेण दोनदा बदललं. गेल्या महिन्यात चौकशी केली. आमच्या जुन्या विभागात नवं यंत्र बसलं आहे, पाण्याची टाकी वेगळी आहे, वीज गेली तर जनरेटर आहे. यंत्रावर वेळ मिळवण्यासाठी विभागप्रमुखांना विनंती करायची, नमुना काय आहे ते लिहून द्यायचं. विनंती अजून लिहिलेली नाही. फिल्म घ्यायची आहे.